मागणी नको, इरादा सांगा

लातूरला रिक्षात बसून "विमानतळावर सोडा" म्हटलं की रिक्षावाले मामा आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या डब्याच्या पिशवीकडे.

"कुठं निघालाव विमानानं?"

"कुठंच न्हाई मामा. नोकरीला हाय तिथं."

"म्हंजे विमान चालवता?"

"न्हाई. चालवणाऱ्यांशी बोलते."

इथं बहुतेक मामा गप्प होतात. एकानं मात्र राजीव गांधी चौकापासून पार रिंगरोडपर्यंत विचार केला आणि म्हणाला, "निस्तं बोलायचा पगार भेटतो?"

भेटतो. ज्या बाईनं विशीपासून फुकट बोलून बोलून आख्ख्या तालुक्याचं डोकं उठवलं, तिलाच बोलायचा पगार भेटतो. याला न्याय म्हणायचं का थट्टा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी एका फ्लाइंग स्कूलच्या रेडिओरूममध्ये बसते. शाळेचं नाव सांगत नाही, कारण पुढं मी त्यांच्याविरुद्ध बोलणार आहे, आणि नोकरी मला अजून हवी आहे. बघा, पत्रकं वाटणाऱ्या पोरीचं हे असं होतं.

तर आधी पत्रकांचं. कॉलेजात असताना आमची एक संघटना होती. मूठभर पोरं, दोन पोरी आणि स्क्रीन प्रिंटिंगवाला एक मित्र, जो खरं तर उधारीवर छापून देतो म्हणून कार्यकर्ता होता. पत्रकं मी लिहायची. मुलींच्या एसटी पासवर लिहिली, होस्टेलच्या मेसमधल्या पाणीदार वरणावर लिहिली, आणि सगळ्यांत जास्त लिहिली ती क्लासेसवर. लातूरला तेव्हा असं झालं होतं की डाळमिलपेक्षा क्लास जास्त आणि तुरीपेक्षा पोरं जास्त. बाहेरगावची पोरं खोल्यांत कोंबलेली, भिंतीवर सूत्रं चिकटवलेली, आणि चौकाचौकात गुलाल लागलेल्या पोरांचे फ्लेक्स. मी लिहायची, 'हे शिक्षण नव्हे, ही पोरांची भरडाई आहे!' उद्गारचिन्ह माझ्या हातून सुटायचंच. स्क्रीन प्रिंटिंगवाला म्हणायचा, "शारदे, शाई संपती गं."

विमानांची गाठ पडली ती गावामुळं. आमचं गाव भूकंपानंतर उठवून दुसरीकडं वसवलेलं. माझा जन्म त्यानंतरचा, पत्र्याच्या शेडमधला. मी भूकंप बघितलेला नाही, पण भूकंप झालेल्या घरात वाढले. आमच्या आईला आजही ट्रकची घरघर सोसत नाही. तवा गॅसवर तसाच टाकून ती अंगणात येते, आणि येताना जे लेकरू हाताला लागेल ते ओढून आणते, मग ते शेजारणीचं का असेना. गावातली तिच्या वयाची सगळीच माणसं तशी.

आणि अशा गावाच्या डोक्यावर या शाळेनं सरावाचा पट्टा आखला. शिकाऊ पायलटला एक धडा असा असतो की इंजिन मंद करायचं, नाक वर करायचं, विमानाला अगदी पडेपर्यंत आणायचं आणि मग मोठ्यानं घरघर करत सावरायचं. पोरगं वरती पडायचं कसं टाळावं ते शिकतंय, आणि खाली आख्खं गाव चपला न घालता रस्त्यावर. दिवसातून चारदा.

मी पेटले. चार पानी पत्रक काढलं, 'आकाश कुणाच्या बापाचं?' उपोषणाला कोण कोण बसायचं तेसुद्धा ठरवलं होतं. मंडपवाल्याला सांगून झालं होतं. पत्रक घेऊन थेट शाळेत गेले आणि मुख्य प्रशिक्षकांच्या टेबलावर आपटलं.

मुख्य प्रशिक्षक म्हणजे काझी सर. मूळ घराणं नांदेडचं, घड्याळं दुरुस्त करणारं. सरांनी मात्र जन्मभर विमानं उडवली आणि निवृत्त झाल्यावर पोरांना उडवायला शिकवायला इकडं आले. बोलणं निम्मं मराठी, निम्मं दख्खनी. त्यांनी चष्मा लावला आणि पत्रक वाचायला घेतलं. पहिलं पान झालं. दुसरं झालं. मी उभीच. तिसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"तुम्हाला पाहिजे काय, ते इथं आलंय, बाई. तिसऱ्या पानावर. तोवर तुम्ही विमानात असत्या तर कब के गिर गए होते."

मला इतका संताप आला की शब्दच फुटेना. माझ्या बाबतीत ही नोंद घेण्याजोगी घटना.

सरांनी भिंतीवरचा नकाशा काढला, खोडरबर घेतलं, गावावरची पेन्सिलीची रेघ पुसली आणि पट्टा पूर्वेला सरकवला. "हौ, हो गया. और कुछ?"

म्हणजे उपोषण नाही, मंडप नाही, घोषणा नाही, काहीच नाही. इतक्या साध्या पद्धतीनं जिंकल्यावर माणसानं करायचं काय? मी तिथंच उभी राहिले. मग सर म्हणाले, "आवाज साफ है तुम्हारा. रेडिओवर माणूस पाहिजे. पण एक शर्त. चार पानं चालणार नाहीत. चार शब्द."

संघटनेतल्या पोरांनी मला 'भांडवलदारांची पोपट' म्हटलं. त्यातला एक सध्या त्याच क्लासवाल्याकडे केमिस्ट्री शिकवतो, पण ते जाऊ द्या.

आता हे रेडिओचं काम काय ते साध्या भाषेत सांगते. वरची सगळी विमानं आणि खालची मी, सगळे एकाच लाइनवर असतो. एकानं बटण दाबलं की बाकी सगळ्यांनी ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं तर कुणाचंच कळत नाही, नुसती शिट्टी. म्हणून बोलणं कमीत कमी. कुणाला बोलवतोस, तू कोण, कुठं आहेस, काय करतोयस. संपलं. समोरच्यानं आकडा सांगितला तर तो परत म्हणून दाखवायचा, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथंच सापडते. सगळं इंग्रजीत, इथं मी मराठीत देते, कारण आमच्या पोरांचं इंग्रजी छापलं तर त्यांची लग्नं व्हायची नाहीत.

आणि माझा अधिकार? शून्य. नांदेडला टॉवर आहे, ते 'उतरा', 'थांबा' म्हणू शकतात. मी फक्त माहिती सांगायची. वारा किती, आसपास कोण उडतंय, कुठून काय कळलंय. हुकूम द्यायचा नाही. जिनं जन्मभर कलेक्टरपासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना हुकूम सोडले, तिला ही नोकरी म्हणजे शिक्षाच.

पहिल्याच वर्षी मी दिवे लावले. दुपारी आमचे शिपाई, वाघमारे काका, चहा घेऊन आले. त्यांच्या नातवाला क्लासला घालायचं चाललं होतं, म्हणून मी त्यांना कोचिंगच्या धंद्यावर समजावून सांगत होते. सविस्तर. पोरांचं शोषण, पालकांची भीती, सरकारची झोप, सगळं. माझं कोपर टेबलावरच्या माइकच्या बटणावर टेकलेलं होतं. लाइन बंद, वरची सगळी पोरं मुकी, आणि माझं भाषण नांदेडच्या दिशेनं येणाऱ्या एका प्रवासी विमानापर्यंत. जरा श्वास घ्यायला थांबले, कोपर हललं, आणि वरून एक भारदस्त आवाज आला, चक्क मराठीत, "मॅडम, मुद्दा पटला. आता बटण सोडा."

काका म्हणाले, "कोण हो ते?" मी म्हटलं, "जनता."

पोरंही एकेक नग. माहूरकडचा एक होता, तो प्रत्येक वाक्याला 'सर' लावायचा. वाऱ्याचा आकडा सांगितला तरी 'सर'. मी बाई आहे हे कळल्यावर 'सॉरी सर'. दुसऱ्या एकाला विचारलं, "कुठं आहेस?" अपेक्षा अशी की अमुक गावाच्या ईशान्येला इतके मैल. उत्तर आलं, "मामाच्या शेतावर." तेवढ्यात आमची लाइन ऐकत असलेल्या नांदेडच्या टॉवरवरून कुणी तरी गंभीरपणे विचारलं की हे ठिकाण नकाशावर कुठं आहे. त्यानंतर महिनाभर आमच्या लाइनवर 'मामाचं शेत' हे ठिकाण म्हणून चाललं.

सगळ्यांत अवघड धडा म्हणजे उडता उडता दिशा बदलणं. ठरवून निघालेल्या वाटेवर कुणीही बोलतं. पण मध्येच ढग आला, इंजिन कुरकुरलं, उतरायचं मैदान बंद पडलं, की पायलटला वाट सोडावी लागते. तेव्हा आधी विमान सांभाळायचं, मग वळायचं, आणि मग रेडिओवर सांगायचं, मी इथं आहे, इतक्या उंचीवर, इकडं वळतोय, तिकडं जातोय, इतक्या मिनिटांत पोचेन, इतकं इंधन आहे. विचारायचं नाही, सांगायचं. कारण आकाश त्याच्यासमोर असतं, माझ्यासमोर नाही. आणि जर त्यानं सांगितलं नाही, तर खालच्यानं एकच प्रश्न करायचा. इंग्रजीत तो दोन शब्दांचा आहे. काझी सर तो पोरांना असा शिकवायचे, "इरादा बोलो. मागणी नक्को, अर्जी नक्को, माफी नक्को. इरादा."

मला हे लई लागलं. मी आयुष्यभर 'आमच्या मागण्या' लिहिल्या होत्या. पत्रकाच्या शेवटी 'आमचा इरादा' असं मी एकदाही लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर पोलिसांनी उचललंच असतं म्हणा.

आणि पोरं? तीही सगळी लातूरच्या क्लासेसमधून आलेली. डॉक्टरकीचा नंबर हुकला, इंजिनिअरिंग नको, मग विमान. रेडिओच्या लायसनची परीक्षा जवळ आली की माझ्याभोवती जमायची, "ताई, संभाव्य प्रश्न सांगा ना." मी कोचिंगविरुद्धची बाई, आधी नाही म्हणाले. मग संध्याकाळी एक तास घ्यायला लागले. मग दोन. बॅच झाली. एका वर्षी आमची सगळी पोरं पास झाली आणि सकाळी मी रिक्षातून येते तर चौकात फ्लेक्स. पोरांचे फोटो, गुलाल, आणि मध्यभागी माझा सगळ्यांत मोठा. खाली, 'शारदाताईंचा रेडिओ क्लास, यशाची हमखास खात्री.' हमखास आणि खात्री दोन्ही. जुन्या संघटनेतल्या पोरानं त्याचा फोटो काढून पाठवला. खाली एकच उद्गारचिन्ह.

बालाजी याच बॅचमधला. जळकोटचा. वडिलांचं तिथं खत-बियाणांचं दुकान. हा लातूरला दोनदा मेडिकलच्या परीक्षेला बसला, दोनदा थोडक्यात हुकला. हुशार, शांत, आणि विचारल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारा. पाच वर्षं चार पर्यायांतून एक निवडायची सवय झालेली. "वारा उजवीकडून आहे, काय करशील?" असं विचारलं की तो म्हणायचा, "ताई, पर्याय?"

"पर्याय कसले रे? तूच सांग ना."

"पर्याय असले की चुकीचे खोडता येतात. मग जे उरलं ते बरोबर."

वर्गात मी हसले. वर्गात हसायला काय जातं?

त्या दिवशी त्याचं एकट्याचं लांबचं उड्डाण होतं. लातूरहून नांदेड, तिथं उतरायचं, आणि परत. हे नीट झालं की पुढचं लायसन. काझी सर त्यासाठी गाडीनं आधीच नांदेडला जाऊन बसले होते. उन्हाळ्याची दुपार. बालाजी नांदेडला छान उतरला. सरांनी त्याला पाणी पाजलं, हवामान बघितलं आणि परत सोडलं. सरांचा मला फोन आला, "निकला. अच्छा उडवतोय." आमच्याकडं आभाळ निळंशार. काका उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होते.

अर्ध्या वाटेवर, अहमदपूरच्या पुढं असताना, त्याचा आवाज आला. आधी नियमाप्रमाणं. मग नियम सुटत गेले.

"लातूर, समोर काळं आहे. खूप मोठं आहे. वाटेवर बरोबर मध्ये आहे."

मी म्हटलं, "ऐकलं. लातूरला वारा मंद, आभाळ स्वच्छ. नांदेडची खबर घेते."

एका हातात माइक, दुसऱ्या हातात फोन. सर म्हणाले, "इधर साफ है." ते मी बालाजीला कळवलं. दोन्हीकडं स्वच्छ, मधे काळं. मग तो म्हणाला, आणि हे मी शब्दाला शब्द सांगते, कारण विसरणं शक्य नाही:

"लातूर, पर्याय एक, उजवीकडून वळसा घालून लातूर. पर्याय दोन, डावीकडून जळकोटवरून लातूर. पर्याय तीन, नांदेडला परत. पर्याय चार, इथंच गोल फिरत थांबणं. पर्याय चार खोडला. ताई, बाकी तिघांतलं बरोबर कोणतं?"

पोरगं एकटं वरती, पुढ्यात वादळ, आणि ते पेपर सोडवतंय. आणि विचारतंय कुणाला? मला. जिच्याकडं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं तिला.

आणि उत्तर तयार होतंच. लातूर. डावीकडून ये. जळकोटचा मुलुख तुझा, खालचं रान तुझ्या ओळखीचं, आणि इथं माझ्या खिडकीबाहेर आभाळ आरशासारखं. लातूरला ये, बाळा, इथं मी आहे. अंगठा बटणावर गेलासुद्धा.

फोन चालूच होता. मी त्यात ओरडले, "सर, तो विचारून राहिला. काय सांगू? डावीकडून लातूर सांगू?"

"तुमकू उसका आसमान दिखरा क्या?"

"न्हाई, पण इथं..."

"मेरेकू भी नै दिखरा. जिसकू दिखरा, उसकू पूछो."

"सर, तो घाबरलाय हो! तुम्हीच सांगा ना त्याला काही तरी!"

"मय बोलूंगा तो वो कान से उडेगा. उसकू आँख से उडने दो. शारदाबाई, दो लफ्ज. और फिर चुप."

मला सरांचा राग आला. खरंच सांगते, त्या क्षणी मनात त्यांच्याविरुद्ध आख्खं पत्रक तयार झालं, मथळ्यासकट. 'विद्यार्थ्यांना वाऱ्यावर सोडणारे...' आणि तरी मी बटण दाबलं आणि तेच दोन शब्द इंग्रजीत म्हटले. इरादा सांग.

वरून काही नाही.

रेडिओची शांतता कशी असते हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही. फोनवर समोरचा गप्प असला तरी त्याचा श्वास कळतो. इथं तसंही काही नाही. माणूस आहे का नाही तेच कळत नाही. बोलावंसं इतकं वाटतं की अंगठा आपोआप बटणाकडं जातो. मी 'ऐकू आलं का?' म्हणणार होते. 'घाबरू नकोस' म्हणणार होते. 'देवाचं नाव घे' म्हणणार होते, मी, जी नास्तिक म्हणून गावात बदनाम. पण माझं प्रत्येक वाक्य त्याला ऐकावं लागणार, त्याचं उत्तर द्यावं लागणार, आणि तेवढा वेळ तो पुढं जात राहणार, त्या काळ्याच्या दिशेनं. शेवटी मी माइक लांब सरकवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. काका तंबाखू मळायचे थांबले. त्यांनी मला एवढा वेळ गप्प कधी बघितलं नव्हतं. त्यांना वाटलं, मला काही तरी झालं.

"ताई, पाणी देऊ का?"

मी मान हलवली. हो का नाही, मलाच माहीत नाही.

मग तो आला. आवाज बारीक, पण वाक्यं सुटी सुटी.

"लातूर. डावीकडं वळतोय. नांदेडला परत चाललोय. उंची तीच. पंचवीस मिनिटं लागतील. इंधन भरपूर."

आणि माझं डोकं म्हणालं, चुकलं! अरे, नांदेड कशाला? इथं आभाळ बघ! लातूर सोडून चालला! क्लासमध्ये असता तर मी लाल पेनानं खूण केली असती. पण तो सांगत होता, विचारत नव्हता. मी म्हटलं, "ऐकलं." एवढंच. माझ्या आयुष्यातलं सर्वांत आखूड भाषण.

त्याला नांदेडच्या टॉवरची लाइन दिली आणि तो माझ्या कानातून गेला. आता काही करण्यासारखं नव्हतं. वाट बघायची होती.

आमची खिडकी धावपट्टीकडं आहे, पूर्वेला. पश्चिमेला हँगर, त्यामुळं तिकडचं आभाळ दिसतच नाही. हे मी इतकी वर्षं तिथं बसून लक्षात घेतलं नव्हतं. पहिल्यांदा वास आला, मातीचा. मग हँगरचा पत्रा वाजला. काका बाहेर पळाले आणि "आरं आरं आरं" असं ओरडतच आत आले. लाल धुळीची भिंत. धावपट्टी दिसेनाशी झाली, मग वाऱ्याची दिशा दाखवणारी नळी दिसेनाशी झाली, मग समोरची खिडकी म्हणजे नुसतं तांबडं. बांधलेली विमानं दोरावर उड्या मारायला लागली, मेकॅनिक पंखांना लटकले. गारा पडल्या. माझ्या आरशासारख्या आभाळाचं हे असं झालं, बालाजी लातूरला पोचला असता नेमक्या त्या सुमाराला.

मी फोन कानाला लावून टेबलाखाली बसले होते. भीती म्हणून नव्हे, गारांच्या आवाजात ऐकू येत नव्हतं म्हणून. असं मी सगळ्यांना सांगते.

"उतर्‍या," सर म्हणाले. "मक्खन जैसा उतर्‍या. बाजूलाच आहे. बात करो."

बालाजी फोनवर आला. आधी नुसता श्वास. मग म्हणाला, "ताई, बरोबर होतं का?"

"तू का वळलास?"

"वरून लातूरच्या मागं लाल दिसून राहिलं होतं. लई लांब होतं, नक्की कळत नव्हतं. तुम्ही तर आभाळ स्वच्छ म्हणाल्या. म्हणून मला वाटलं माझंच चुकतंय. पण तुम्ही पुढं काहीच बोलल्या नाहीत. मग म्हटलं, आता जे दिसतंय तेच धरावं." आणि परत, "बरोबर होतं का?"

त्याला खोटं सांगायला मला काही जड नव्हतं. शाबास, मला माहीतच होतं, असं म्हटलं असतं की झालं. पण बाहेर हँगरचा एक पत्रा सुटून धावपट्टीवरून पळत होता.

"बालाजी, माझं उत्तर लातूर होतं. डावीकडून. मी सांगणारच होते."

मी फोन दुसऱ्या कानाला घट्ट दाबला.

"ताई," तो म्हणाला, "बरं झालं, तुम्ही गप बसल्या."

सबंध लातूर जिल्ह्यात मला असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. मी टेबलाखालीच होते, गारा पडत होत्या, आणि काका खाली वाकून विचारत होते, "काय म्हणलं पोरगं? ताई, रडताव कशाला? काय म्हणलं?"